आभार मानायचे नाहीत

खोकल्याला रॉकेल.
चमचाभर काकवीत तीन थेंब, मोजून तीन.
चौथा पडला की आई सगळा चमचा चुलीत रिकामा करायची
आणि जाळ भपकन उठायचा, कडेने निळा.
तो बघायला मिळावा म्हणून
मी उगाच खोकायचे.

न्यूफाउंडलंडच्या त्या खाडीत
डॉक्टर म्हणजे वर्षातून दोनदा येणारी बोट,
तीही बर्फाची मर्जी असेल तर.
एरवी हाताशी येईल ते औषध.
फरच्या सालीवर चिकाचे फोड असतात,
ते अंगठ्याने फोडून कापल्या बोटाला लावायचे,
मग दोन दिवस बोटाला जंगलाचा वास
आणि वहीची पानं बोटाला.

वडलांच्या मनगटांवर पाणफोड यायचे,
खाऱ्या पाण्यात मेणकापडाच्या बाह्या घासून घासून.
त्याला पितळी साखळी.
खाडीतले सगळे बाप्ये बांगड्या घातल्यासारखे दिसायचे.
शहरातून आलेले नवे मास्तर हसले होते.
सुट्टीत चार पैसे मिळवायला बोटीवर गेले,
तिसऱ्या आठवड्यात साखळी मागायला आमच्या दारात.

कॉडच्या तेलाबद्दल मी काही बोलणार नाही.
अजून ढेकर येते.

दाढेला मात्र अझरायाकाका.
जाळ्याची सुई बाजूला ठेवून
तो सुतारी पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहायचा,
पाठ करून, बराच वेळ.
चिठ्ठीची घडी, घडीवर फ्लॅनेलची पिशवी,
चारी बाजूंनी शिवलेली, गळ्यात.
अटी दोन. उघडायची नाही.
आणि आभार मानायचे नाहीत,
'थँक्यू' म्हटलंस की गुण गेला.
मी ओठ घट्ट मिटून घरी आले, वाटेत कुत्र्याशीही बोलले नाही.
दाढ कधी थांबली ते आठवत नाही.
थांबली.

लेव्हीचा घसा धरला त्या मार्चमध्ये
आईने छातीला हंसाची चरबी चोळली,
तळपायांना कांद्याचं पोटीस बांधलं,
डांबराच्या दोराचा धूर केला,
रॉकेलचे तीन थेंब, मग चार,
चौथा तिने चुलीत टाकला नाही.
कशाचीच मात्रा चालेना.
अझरायाकाका आला, टोपी हातात, उंबऱ्यातच उभा.
म्हणाला, ह्याला माझ्याकडे काही नाही गं.
खाडीत बर्फ गच्च होता.

पेटीही त्यानेच केली, लहान,
आतून रंधा मारून गुळगुळीत.
पैसे घेतले नाहीत.
आणि आईने सवयीने
आभार मानले नाहीत.

पुढे सरकारने गाव उठवलं.
घरांना रिकामी पिंपं बांधून ती पाण्यातून ओढत नेली,
आमचं घर निघालं तेव्हा खिडकीत पडदे तसेच होते.
आता तिथे माणूस औषधालाही उरलेला नाही.

इथे सेंट जॉन्समध्ये माझ्या गोळ्यांना सात वारांची डबी आहे.
शेल्बी येते, नर्स, चांगली मुलगी आहे,
प्रत्येक गोळीला मी तिला थँक्यू म्हणते,
दिवसाचे सात-आठ तरी होतात.
गुडघा काही थांबत नाही.

माझे सगळे दात रात्री पेल्यात असतात.
म्हणजे आता म्हणायला हरकत नाही,
दुखणार काय?
एकदा शब्द टाळूपर्यंत आणलाही होता,
दिवा घालवून, भिंतीकडे तोंड करून.
राहू दे म्हटलं.

पिशवी आहे अजून, सुयांच्या डब्यात.
कात्री त्याच डब्यात असते.
अझरायाकाकाला लिहिता येत नव्हतं
हे मला फार उशिरा कळलं, त्याच्या पुतणीकडून.
सहीच्या जागी तो मासा काढायचा म्हणे.

मग पाठ करून, इतका वेळ,
माझ्या दाढेसाठी
तो काय करत होता?